एकट्या मोज्यांची पिशवी

३ तारीख, सोमवार

फॉर्म मीच भरले. सगळ्यांचे. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

झालं असं. आमची लाँड्री म्हणजे दोन शर्ट देऊन पावती घ्यायचं दुकान नाही. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे ट्रक भरभरून येतात आणि धुऊन, वाळवून, इस्त्रीच्या तापलेल्या रोलरखालून काढून घडी घालून परत जातात. इथे दर सहा महिन्यांनी मुख्य कचेरीतून एक सर्वे येतो. 'आपण आपल्या कामाशी किती जोडलेले आहात?' प्रश्न चाळीस. प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'अजिबात सहमत नाही' पासून 'पूर्णपणे सहमत' पर्यंत. कोणी भरत नाही. मागच्या वेळी आमच्या खात्यातून तीन फॉर्म गेले. एकावर चहाच्या कपाचा गोल होता आणि एकावर मी कोंबडी काढली होती.

या वेळी सर्वेच्या कामाला नव्या मॅडम आल्यात. त्यांनी सांगितलं, भरलेल्या प्रत्येक फॉर्ममागे एक डायरी मिळेल. फॉर्मचा गठ्ठा त्यांनी कडककडे दिला. कडक म्हणजे आमचा सुपरवायझर. त्याच्या शर्टाची कॉलर एवढी खळ लावलेली असते की मान वळवायची झाली तर तो अख्खा वळतो. कडकने गठ्ठा माझ्या ट्रॉलीत टाकला आणि म्हणाला, "नगा, वाट सगळ्यांना." मला सगळे नगच म्हणतात. कारण सांगायला नको.

मी गठ्ठा घेतला आणि ड्रायरच्या मागे जाऊन बसलो. सगळीकडे 'पूर्णपणे सहमत'. एकाच रांगेत टिक मारत गेलं की हात आपोआप चालतो, डोकं रिकामं राहतं. खरी मजा शेवटच्या रकान्यात, 'आणखी काही सांगायचे आहे का?' तिथे मी जीव ओतला. 'इथे येताना माझे पाय जमिनीला लागत नाहीत.' 'सुटीच्या दिवशी चादरींची फार आठवण येते.' 'रविवार का असतो?' वेगवेगळी पेनं वापरली, काही डाव्या हाताने लिहिले. शाळेत एवढी मेहनत घेतली असती तर आज मी ट्रॉली ढकलत नसतो, असं आत्या म्हणाली असती. पण तिला माहीत नाही.

आज डायऱ्या आल्या. सगळ्यांना एक एक मिळाली. कशाबद्दल, ते कुणीही विचारलं नाही. सगळ्यांना देऊन चौदा उरल्या. कशा उरल्या कुणास ठाऊक. त्यातलीच ही. प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलाय, त्यावर मी मिशा काढतोय.

६ तारीख, गुरुवार

निकाल लागला. आमचं खातं पहिलं. 'सर्वाधिक आनंदी विभाग'. फ्रेमशिवायच एक जाड कागद आला, सोनेरी किनारीचा, आणि तो रोलरच्या वरच्या भिंतीवर लावला. तिथली वाफ त्याला काय सोडते. दुपारच्या चहापर्यंत त्याची वळकटी झाली.

कडक बराच वेळ नोटीस बोर्डासमोर उभा होता. मग अख्खा वळून आमच्याकडे एकेकाला निरखून बघत होता. आपल्या हाताखाली इतकी सुखी माणसं आहेत हे त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

मी आतून नुसता फुटत होतो. असा डाव या लाँड्रीत आजवर कुणी टाकलेला नाही. वाईट एवढंच वाटतं की कुणाला सांगता येत नाही. बक्षीस मिळवायचं आणि घ्यायला जायचं नाही, असं झालंय.

१० तारीख, सोमवार

आज हसू गेलं.

कडकने मशीन थांबवून सगळ्यांना बोलावलं आणि कचेरीचा कागद वाचला. या वर्षी सुधारणेसाठी जो पैसा आहे तो ज्या खात्याचे मार्क सगळ्यात कमी, त्याला मिळणार. ऑफिसवाल्यांनी फॉर्म खरे भरले होते. खुर्च्या टोचतात असं लिहिलं होतं. त्यांना नव्या खुर्च्या मिळणार. आमचा एक्झॉस्ट रद्द. 'सदर विभाग पूर्ण समाधानी असल्याने आवश्यकता दिसत नाही.'

एक्झॉस्ट म्हणजे वाफ ओढून छतातून बाहेर टाकणारा मोठा पंखा. रोलरवर ओलसर चादर गेली की भस्सकन वाफ निघते आणि जाते सरळ चादर धरणारीच्या तोंडावर. मागच्या उन्हाळ्यापासून पंखा मागतायत. या वेळी मिळणार होता म्हणे.

धुलाईच्या मशीनवरचे काका म्हणाले, "समाधानी कोण आहे ते दाखवा तरी. मला त्याच्या पाया पडायचंय."

सगळे हसले. मीही हसलो. पण माझं हसू बाकीच्यांच्या मागून आलं, आणि ते आत्याने बघितलं.

रोलरच्या तोंडाशी उभी राहते ती माझी आत्याच.

११ तारीख, मंगळवार

आत्या घरी आली आणि चपला न काढताच ओट्याला टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं. तिने अर्धं प्यायलं, अर्धं मानेवर ओतलं. मानेवर घामोळं नाही आता, फोड आलेत.

"आज रोलरवर डोळ्यांपुढे अंधारी आली," ती म्हणाली. "चादर हातातून सुटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुटली."

"मग बस ना जरा."

"बसायला तिथे तुझ्या बापाने खुर्ची ठेवलीय का?"

मग म्हणाली, "एक्झॉस्ट येणार म्हणून कळ काढत होते. आता महिनाअखेर बघते आणि सोडते. दुसरीकडे भांडी घासीन, पण मरायला जाणार नाही."

आता हे लिहितो. आत्याला चादरीचं वेड आहे. तिच्या हाताखालून निघालेल्या चादरीला सुरकुती नसते. रस्त्याने जाताना कुणाच्या गच्चीवर वाकडी वाळत घातलेली चादर दिसली तर ती थांबते, तोंड कडू करते आणि मग पुढे जाते. आई गेल्यावर मला तिने याच रोलरच्या पगारावर वाढवलं, आणि मला कुठे कुणी घेत नव्हतं तेव्हा तिच्याच शब्दावर इथे घेतलं. ती भांडी घासणार. माझ्या 'रविवार का असतो' पायी.

आणि तो कडक. तिची अशी अवस्था आणि तो दर थोड्या वेळाने ओरडतो, "तुम्ही मागे जा, अभ्रे मोजून या." मागच्या गार कोठीत. मोजून आली की पुन्हा, "नीट मोजले का? परत मोजा." बाईला नुसता फिरवतो. माणसात काही माणुसकी असते की नाही.

१३ तारीख, गुरुवार

सर्वेवाल्या मॅडमनी बोलावलं. टेबलावर आमचे सगळे फॉर्म.

"तुमच्या खात्यात माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"शेहेचाळीस, मॅडम. कडक... सुपरवायझर धरून."

"फॉर्म साठ आलेत."

दुसरा कुणी असता तर तिथेच आडवा झाला असता. मी म्हणालो, "लोकांमध्ये उत्साह फार आहे, मॅडम."

त्या एकदम खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. बाईंना खोकल्याचा त्रास असावा. मग वळून म्हणाल्या, "उरलेल्या डायऱ्या नीट ठेवल्यात ना?"

"एकदम नीट."

"बरं ऐक. अठ्ठावीसला बडे साहेब येतायत. ते सही करेपर्यंत खुर्च्या काय आणि पंखा काय, काहीच पक्कं नाही. पण मला तुमच्या खात्याचं खरं म्हणणं कळायला हवं. फॉर्म नको. लोकांना आपणहून सांगावंसं वाटेल असं काहीतरी कर."

"मीच का?"

त्यांनी एक फॉर्म उचलला. "हे 'रविवार का असतो' कुणी लिहिलं ते मला माहीत नाही. पण मला तसाच माणूस हवा होता."

मग माझी छाती जरा वर आली. शिकलेल्या आहेत पण हिशेबात कच्च्या. साठ आणि शेहेचाळीसमध्ये अडकल्या नाहीत. आणि कुणी लिहिलं ते कळलं नाही तरी माझ्यातली हुशारी बरोबर हेरली. काही लोकांना माणसाची पारख असते.

१४ तारीख, शुक्रवार

दिवसभर ट्रॉली ढकलता ढकलता विचारत फिरलो, फॉर्म का भरत नाही.

काका म्हणाले, "त्यात वय, खातं, शिफ्ट आणि नोकरीची वर्षं लिहायची. वर म्हणतात नाव लिहू नका. सकाळच्या शिफ्टला धुलाईवर पंचावन्नच्या पुढचा मी एकटा आहे. नाव राहिलं कुठे मग? फोटोच चिकटवतो."

घडीवाल्या दोघी म्हणाल्या, "प्रश्न कळत नाहीत." मी म्हणालो, "मलाही कळले नाहीत." मग जीभ चावली.

आत्या म्हणाली, "सांगून काय होतं? मागे एकदा मी भरला होता. पुढे काय झालं? पोस्टर आलं. हसणारी बाई."

म्हणजे भीती वाटते, कळत नाही, आणि काही होत नाही. तीन रोग, आणि वैद्य मी. बघू.

१७ तारीख, सोमवार

सुचलं. असलं भारी सुचलंय.

हॉटेलांच्या चादरी उलगडल्या की आतून मोजे निघतात. नेहमी एकच. पाहुणा दुसरा मोजा घालून निघून जातो. एका मोज्यासाठी कुणी परत येत नाही, म्हणून आम्ही ते धुऊन एका पेटीत टाकतो. एकट्या मोज्यांची पेटी. वर्षानुवर्षांचे साठलेत. आत्या म्हणते, यांची लग्नं कोण लावणार.

मी लावली. दारापाशी दोन ट्रॉल्या ठेवल्या. एकीवर खडूने 'हो', दुसरीवर 'नाही'. वर पुठ्ठ्यावर एकच प्रश्न, आमच्या भाषेत. 'इथला चहा चहा आहे का?' बाजूला पेटी. सुटल्यावर जाताना एक मोजा उचलायचा आणि फेकायचा. वय नाही, शिफ्ट नाही, काही नाही.

पहिल्यांदा काकांनी फेकला. लांबूनच, गोळा करून, बरोबर 'नाही'त. मग रांगच लागली. घडीवाल्या दोघी तर परत आत आल्या, दुसरा फेकायला. मी म्हणालो, "एका माणसाला एकच." च्यायला, हे मी म्हणालो.

'हो'मध्ये दोन मोजे. एक चहावाल्याचा.

१८ तारीख, मंगळवार

मॅडमना निकाल सांगितला. त्यांनी विचारलं, "हे सगळ्यांनी आपणहून केलं?" मी म्हणालो, "मारामारी करून."

दुपारी चहा बदलला. रंग आला, वास आला, जिभेला कळलं की काहीतरी प्यायलोय. लोक कपात बघत राहिले. काल मोजा फेकला आणि आज चहा. आत्यासुद्धा दोन कप प्यायली.

मॅडमच्या पिशवीत सकाळी चहाची दोन मोठी पाकिटं दिसली होती. चहाच्या फार शौकीन दिसतात.

२० तारीख, गुरुवार

रोज एक प्रश्न चाललाय. काल होतं, 'सुपरवायझर ओरडतो ते कळतं की नुसतं ऐकू येतं?' कडकने तो पुठ्ठा वाचला, खिशातून पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'मशीन बंद करा, मग कळेल.' मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण तो जाताना पेटीत बघून म्हणाला, "नगा, भोकं पडलेले मोजे बाजूला काढ. आपल्या खात्याची अब्रू आहे."

आज पॅकिंगचे दोघे, म्हणजे दुसऱ्या खात्याचे, विचारायला आले की आमच्याकडे पण ठेवशील का. ठेवीन म्हणालो, पण मोजे आमचे. चाळीस प्रश्नांचा कागद सहा महिने कुणाला नको होता, आणि माझ्या फाटक्या मोज्यांना शेजारच्या खात्यातून मागणी. कधीकधी मलाच माझं कौतुक वाटतं.

२१ तारीख, शुक्रवार

आज मुद्द्याचा प्रश्न ठेवला. 'रोलरजवळ उभं राहवतं का?'

निकाल सांगायची इच्छा नाही. 'हो'ची ट्रॉली भरली.

कारण सोपं आहे. एक्झॉस्टची गोष्ट कचेरीने नाकारलेली. चहाबद्दल बोलणं वेगळं आणि नाकारलेल्या गोष्टीवर बोट ठेवणं वेगळं. त्यात कडक दारातच उभा होता, यादी हातात घेऊन. नेहमी असतो, पण आज दिसला. कोण कुठल्या ट्रॉलीत फेकतो ते सगळ्यांना दिसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांनी मोजा हातात घेतला, कडककडे बघितलं आणि टाकला 'हो'त.

आणि आत्या. तिनेही 'हो'त टाकला. माझ्याकडे न बघता.

सगळे गेल्यावर मी ट्रॉल्यांपाशी एकटा. या ट्रॉलीतले मोजे त्या ट्रॉलीत टाकायला मला कितीसा वेळ. हात घातलासुद्धा. आत्याचा मोजा कुठला ते मला माहीत होतं, निळ्या पट्टीचा. तो वरच होता.

मग वाटलं, मागच्या वेळी हेच केलं होतं. लोकांच्या वतीने त्यांचं म्हणणं मीच लिहून टाकलं. त्याचं काय झालं ते तिच्या मानेवर दिसतंय.

हात काढून घेतला. मॅडमना जसा होता तसा निकाल सांगितला. त्या एवढंच म्हणाल्या, "खरा निकाल आणलास. आता खरं उत्तर आण."

आत्या फाटकापाशी थांबली होती. घरी येताना तिला विचारलं, "का टाकलास 'हो'त?"

ती म्हणाली, "तू तिथेच आहेस ना कामाला. मी महिनाअखेर जाणार. तुझ्यावर डूख धरला तर?"

मी तिच्या हातातला डबा घेतला आणि पुढे चालायला लागलो.

२४ तारीख, सोमवार

रविवार नुसता मोज्यांत गेला. आत्या म्हणाली, "सुटीच्या दिवशी तरी ते ठेव." मला फॉर्मवरचं माझंच वाक्य आठवलं.

उपाय असा. ट्रॉल्या बंद. आता एकच पिशवी, चादरी बांधायची, तोंडाला नाडी. प्रत्येकाने पेटीतून दोन मोजे घ्यायचे, एक काळा आणि एक पांढरा. एकेका मुठीत एकेक दाबून धरायचा. पांढरा म्हणजे सगळं ठीक. काळा म्हणजे ठीक नाही. दोन्ही मुठी पिशवीच्या तोंडात घालायच्या. एक मूठ आत उघडायची, दुसरी तशीच बंद बाहेर काढायची आणि शेजारच्या बंद डब्यात सोडायची. बघणाऱ्याला दिसतं काय, तर एक माणूस पिशवीत दोन हात घालतोय. आतलं त्याचं त्याला माहीत.

काकांना करून दाखवलं. ते म्हणाले, "तू चोर झाला असतास तर नाव काढलं असतंस." इतकं मनापासून माझं कौतुक क्वचितच कुणी केलंय.

मग कडककडे गेलो. म्हणालो, "मत टाकताना तुम्ही दारात उभे राहू नका."

तो वळला. अख्खा. "आणि माझं मत?"

मी म्हणालो, "तुम्हालापण आहे?"

"शेहेचाळीस कुणाला धरून सांगतोस तू?"

हे याला कुणी सांगितलं, ते कळलं नाही.

२७ तारीख, गुरुवार

आज टाकली सगळ्यांनी मतं. प्रश्न तोच, रोलरजवळ उभं राहण्याचा. रांग शांत होती. चहाच्या वेळेसारखी थट्टा नव्हती. आत्या पिशवीपाशी आली, मुठी आत घातल्या आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग बाहेर काढल्या. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. एरवी येतो.

कडक सगळ्यात शेवटी. पिशवीची नाडी त्यानेच आवळली आणि गाठ मॅडमच्या हातात दिली. उद्या साहेबांसमोरच उघडायची.

आत काय आहे ते मलाही माहीत नाही. असा माझा पहिलाच डाव, ज्यात पुढे काय होणार ते मला ठाऊक नाही.

२८ तारीख, शुक्रवार

सगळं लिहितो, काही सोडत नाही.

बडे साहेब आले. कोट, टाय, चष्मा. मॅडमनी घडीच्या टेबलावर पिशवी ओतली.

काळे. सगळे काळे. ढिगात हात घालून उलथेपालथे केले, एक पांढरा नाही. मी कडककडे बघितलं. तो छताकडे बघत होता. शेहेचाळीस काळे म्हणजे त्याचाही काळाच.

साहेबांनी भिंतीवरच्या वळकटीकडे बोट केलं. "मागच्या सर्वेत हेच खातं सगळ्यात आनंदी होतं. आणि आता हे मोजे. ही काय थट्टा चाललीय? कुणाची कल्पना?"

मी पुढे आलो तर संपलंच, या नगाने मांडलेलं म्हणजे थट्टाच. नाही आलो तरी संपलंच. मॅडमनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी कडक बोलला.

"साहेब, मी समजावून देतो. इथून नीट दिसत नाही, असे इकडे या." आणि तो मोजे उचलून त्यांना घेऊन गेला रोलरच्या तोंडाशी, आत्याच्या शेजारी. मशीन चालूच होतं.

"सुरुवातीपासून मोजू या," कडक म्हणाला. "हा एक. काळा. हा दुसरा, काळाच. हा तिसरा जरा विटलाय. विटलेला काळ्यात धरायचा का, साहेब?"

"धरा."

"तसं लिहून घेतो." त्याने पेन काढलं, झाकण उघडलं, लिहिलं, झाकण लावलं. भस्सकन एक चादर गेली.

मला तोवर कळलं नव्हतं. सहाव्या मोज्याला कळलं. त्या मोज्याचं तो कापड तपासत होता, सुती की नायलॉन.

दहाव्याला साहेबांचा चष्मा पांढरा झाला. पंधराव्याला कोट निघाला, तो आत्याने घडी घालून ठेवला, सुरकुती न पाडता. विसाव्याला टाय. कडकच्या कॉलरला ढिम्म काही झालं नव्हतं. घडीवाल्या दोघी एकमेकींचे हात दाबून उभ्या होत्या.

"पुरे," साहेब म्हणाले.

"अजून बरेच आहेत, साहेब. अर्धवट मोजणी बरी नाही."

साहेबांनी तोंड पुसलं आणि आत्याला विचारलं, "इथे हवा येते कुठून?"

"दारातून," आत्या म्हणाली.

"दार तर बंद आहे."

"चादरींवर धूळ बसते ना, साहेब. सुटल्यावर उघडतात."

"मग तुम्ही दिवसभर इथे..."

"नाही नाही," आत्या म्हणाली. "मधूनमधून हे मला अभ्रे मोजायला पाठवतात. गार कोठीत. म्हणून उभी आहे अजून."

मी कडककडे बघितलं. त्याने मान वळवली नाही. वळत नाहीच म्हणा.

साहेबांनी सही तिथेच केली, रोलरच्या तोंडाशी. वाफेने कागद लुळा पडला होता आणि शाई फुटली, पण सही ती सहीच. मग स्वतःच दार उघडून बाहेर जाऊन उभे राहिले.

कडक माझ्याजवळून जाताना ओठ न हलवता म्हणाला, "नगा, हसलास तर कामावरून काढीन."

इतका देखणा डाव मी आयुष्यात बघितला नाही, आणि तो माझा नव्हता. पण मोजे माझे होते.

संध्याकाळी मॅडमनी बोलावून सांगितलं की पुढचा सर्वे सगळ्याच खात्यांत पिशवीने होणार आणि प्रश्न मी लिहायचे. निघताना म्हणाल्या, "फक्त पुढच्या वेळी आधी माणसं मोजून घे." मी म्हणालो, "खुर्च्या किती लागतील त्यासाठी का?" त्यांना परत खोकला आला. बाईंनी औषध घ्यायला हवं.

३१ तारीख, सोमवार

महिनाअखेर. डबा भरताना आत्याने उद्याची भाजी आजच निवडून ठेवली, कामाला जाताना घाई नको म्हणून.

१० तारीख, गुरुवार

काल एक्झॉस्ट बसला. जोडणीवाले संध्याकाळी उशिरापर्यंत होते. बटण आज सकाळच्या शिफ्टला दाबायचं ठरलं.

दाबलं. आधी घरघरला, मग छताने वाफ अशी ओढून घेतली की चादर, रोलर, पलीकडची भिंत, सगळं एकदम स्वच्छ दिसायला लागलं. पलीकडे कोण उभं असतं ते आत्याला पहिल्यांदाच नीट दिसलं. तिने चादर लावली. ती पलीकडे निघाली, कोरी, सपाट. आत्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले, वर बघितलं आणि कडकला म्हणाली, "जरा कमी करा. गारठा वाटतो."

कडक म्हणाला, "मोजे टाका."

अख्खं खातं हसलं. आणि मी आत्याकडे बघत होतो. मानेवरचं फडकं तिने काढून खांद्यावर टाकलं होतं आणि अशी उभी होती जसं काही ही लाँड्री तिच्या नावावर आहे. मला ओरडून सांगायचं होतं, ही माझी आत्या. सगळ्यांना माहीतच आहे, तरी.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती तुला सांगतोय, ही डायरी वाचणारा जो कुणी असशील त्याला. बटण सकाळच्या शिफ्टला दाबणार होते. मी सकाळी फाटक उघडायच्या आधी तिथे होतो. वॉचमनने घड्याळ बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, "घरी भांडण झालं का?" मी म्हणालो, "हो."

खोटं. भांडण नव्हतं, उशीर झालेला नव्हता, कुणाची खोडी काढायची नव्हती. मला कामावर यावंसं वाटलं. आपणहून. झोपेतून उठून.

हात जोडतो, हे कुणाला सांगू नकोस. चाळीस प्रश्नांचा कागद काढणाऱ्यांना तर नाहीच, ते डायऱ्या वाटत सुटतील. आणि काकांना कळलं तर माझी या लाँड्रीतली सगळी इज्जत जाईल.